बहिणीची माघार

राहात्याच्या आसपासच्या चार-पाच गावांत माझी ओळख शिक्षक म्हणून कमी आणि उमेदवार बसवणारा म्हणून जास्त आहे. ग्रामपंचायतीची निवडणूक लागली, की गाव बिनविरोध करायचं म्हणून लोक मला बोलावतात. मी जातो, ओट्यावर बसतो, चहा घेतो, आणि कप खाली ठेवेपर्यंत समोरच्याला पटलेलं असतं की या वेळी आपण थांबण्यातच गावाचं भलं आहे. अर्ज मागे घ्यायच्या दिवशी त्याला तहसील कचेरीत मीच घेऊन जातो. बाहेर आला की शाल, नारळ आणि चार माणसांसमोर दिलेला शब्द: पुढची वेळ तुझी. रिकाम्या हाताने मी कुणाला माघार घ्यायला लावली नाही, याचा मला फार अभिमान होता.

या अभिमानाने माझ्या धाकट्या बहिणीचं वाटोळं केलं.

ती नर्स म्हणून तरुणपणीच इंग्लंडला गेली आणि तिथलीच झाली. बोली मात्र गेली तेव्हाचीच राहिली. इथली आमची पोरं आता पुस्तकी बोलतात, आणि ही अजून 'लई' नि 'न्हाई'वर आहे. युरोपातून बाहेर पडायचं की आत राहायचं, यावर तिथे मतदान झालं, तेव्हापासून तिच्या फोनला दुसरा विषय नसे. तिच्या घरातच फूट पडली होती. मेहुण्यांनी 'बाहेर' म्हणून मत दिलं. "पोलंडचा मानूस कवाबी येतो आन माज्या भाच्याला व्हिसा मिळत न्हाई, हा कुठला न्याय?" असं त्यांचं म्हणणं. हिच्या हाताखालच्या निम्म्या नर्सा युरोपातल्या. पंधरा दिवस नवरा-बायकोचं बोलणं बंद होतं. मी हसलो होतो. आपल्याकडे साखर कारखान्याच्या निवडणुकीपायी सख्खे भाऊ ताटाला ताट लावत नाहीत, मग यात नवल ते काय, असं मी तिला ऐकवलं.

पुढे ती 'आत राहू' म्हणणाऱ्या एका लहानशा पक्षात गेली. ड्यूटी संपवून, कानाला मफलर गुंडाळून दारोदार पत्रकं वाटायची. काही दारं तिच्या तोंडावर आपटली जायची, तरी दुसऱ्या आठवड्यात ही परत त्याच दारात. मग त्यांच्या मतदारसंघात पोटनिवडणूक लागली आणि पक्षाने उमेदवार म्हणून तिचीच निवड केली. आमच्या मळ्यात कांदे खुरपलेली पोर पार्लमेंटला उभी राहणार! मी गावात पेढे वाटले.

पंधरवडा झाला नाही तोच गणित आडवं आलं. 'बाहेर'वाले बहुतेक एका पक्षामागे गोळा झाले होते आणि 'आत'वाले तीन ठिकाणी फुटले होते. पूर्वी तिथे घराण्याचा पक्ष ठरलेला असे, बापाने दिलं तिथे मुलगा मत देई. आता लोक पक्ष विचारतच नव्हते, तू कुठल्या बाजूचा एवढंच विचारत होते. जन्मभर एकमेकांना पाण्यात पाहणारे पक्ष त्यापायी हातमिळवणी करू लागले. तिच्या पक्षापेक्षा मोठा असलेला दुसरा 'आत'वाला पक्ष म्हणाला, या वेळी तुम्ही थांबा, नाहीतर दोघांचं भांडण आणि तिसऱ्याचा लाभ. तिच्या पक्षाने निर्णय तिच्यावर सोडला. तिने मला फोन केला.

हा तर माझाच प्रांत. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी सुरू झालो. थांब, पण रिकाम्या हाताने थांबू नकोस. पुढच्या मोठ्या निवडणुकीत ही जागा तुझी, असा शब्द घे. एकांतात नको, चार माणसांसमोर घे.

"दादा, हितं तसं कुनी मागत न्हाई."

"माणसं सगळीकडे सारखीच असतात," मी म्हणालो.

तिने माझं ऐकलं. दोन्ही पक्षांच्या बैठकीत उभं राहून तिने शब्द मागितला. मग तिच्याच पक्षातल्या एक वयस्कर बाई म्हणाल्या, "आम्हाला वाटलं, तू हे युरोपसाठी करते आहेस." तसले सौदे तिथेही होतच असणार, पण ते वरच्या माणसांत, दार लावून. आपल्याकडचं शहाणपण तिथे हावरटपणा ठरलं. तिला शब्द मिळाला नाही आणि तरी तिने माघार घेतली. हे भावाने शिकवलं होतं, असं ती कुणालाही बोलली नाही.

मोठ्या पक्षाने ती पोटनिवडणूक थोडक्यात जिंकली. विजयाच्या फोटोत ती कुठेच नव्हती. नंतर मोठी निवडणूक आली तेव्हा त्या भागातली युती तुटली आणि दोन्ही पक्षांनी आपापले उमेदवार दिले. तिच्या पक्षाने तिला सोडून दुसऱ्याच कुणाला उभं केलं, कारण तिच्यावर शिक्का बसला होता. जागा 'बाहेर'वाल्यांनी घेतली आणि देशही बाहेर पडला. तिने पक्ष सोडला. त्यानंतर फोनवर ती फक्त तब्येत आणि पाऊसपाणी विचारायची.

या हिवाळ्यात ती आली. आम्ही दोघं पेरूच्या बागेत बसलो होतो, तेवढ्यात शेजारच्या गावचे दोघं मला शोधत आले. त्यांच्या एका वॉर्डात पोटनिवडणूक लागली होती. एका बाईने अर्ज भरला होता, तेवढी बसवली की काम झालं. मी टोपी घातली.

"तिला उभं ऱ्हायाचंय का?" बहिणीने त्यांना विचारलं.

"तिचा नवरा तयार हाय, ताई," एकजण म्हणाला. "गुर्जींनी निस्तं एकदा बोलायचं."

मी उठलो नाही. उद्या बघू, म्हणून त्यांना वाटेला लावलं. आजवर मी किती बायकांना बसवलं, त्याची मोजदाद नाही, पण त्यांतल्या एकीलाही हा प्रश्न विचारल्याचं मला आठवेना. मला माझीच लाज वाटली. परक्या बायकांचं सोडा, पाठच्या बहिणीलाही मी विचारलं नव्हतं. मग इतक्या वर्षांनी विचारलं.

"तुला तेव्हा उभं राहायचं होतं का गं?"

"लई," ती म्हणाली. "पत्रकं छापून आल्ती, माज्या फोटोची. तितं समदे मला बस म्हनत हुते, दादा. एक जन तरी लढ म्हनंल, म्हनून तुला फोन केल्ता."

त्या दिवशी फोनवर पाऊण तास मीच बोलत होतो.