इव्होनेतची अर्धी ओळ

दुपारचा भात आणि काळा राजमा पोटात गेला की अदिल्सनचे डोळे आपोआप मिटायला लागतात. आज तर अंगात त्राणच नाही. सकाळी रिओतल्या त्यांच्या डोंगरवस्तीच्या पायऱ्या दोनदा चढाव्या लागल्या, आणि घरी आल्या आल्या नातीशी भांडण. तायनारा फंकची नाचाची गाणी बनवते. तिला आजीची कॅसेट हवी आहे. त्याच्या बायकोचा, इव्होनेतचा, गातानाचा आवाज जगात त्या कॅसेटवर तेवढाच उरला आहे, आणि त्यातला तुकडा कापून ती नव्या ठेक्यावर बसवणार आहे.

"कापणार? तिला?" तो म्हणाला होता. "मी जिवंत आहे तोवर नाही."

नात जिना उतरून गेली. आता खालच्या खोलीतून तिचा ठेका भिंतींतून वर येतो आहे, जीव घेऊन पळत सुटल्यासारखा भरभर. अदिल्सनचा हात खाटेवरून लोंबतो. पंख्याची घरघर लांब जाते.

"पाय सरकव जरा," इव्होनेत म्हणते.

ती खाटेच्या कडेला बसली आहे. मांडीवर ताट, ताटात राजमा, आणि ती खडे निवडते आहे. ती मेलेली आहे हे त्याला पक्कं ठाऊक आहे, पण तोंडावर म्हणणं बरं दिसणार नाही म्हणून तो नुसते पाय आखडून घेतो.

"थकलास रे अदी."

"फार."

"मीपण. मेल्यावर थकवा जातो म्हणतात ना, खोटं आहे ते."

तो हसतो, आणि हसता हसता दोघं क्लबच्या हॉलमध्ये उभी असतात. शनिवारचा नाच आहे. भिंतभर रचलेले स्पीकर त्यानंच खांद्यावरून आणलेले. पायाखाली मात्र त्यांच्या स्वयंपाकघराच्या हिरव्या फरशा. रेकॉर्ड अमेरिकेची आहे. बास असा घुमतो की बरगड्या हलतात. तिच्यातले इंग्रजी शब्द कुणालाच कळत नाहीत, म्हणून सगळा हॉल त्या ठेक्यावर आपलेच शब्द ओरडतो. इव्होनेत माइक घेते.

"नळाला पाणी नाही गं वस्तीत..."

आणि रेकॉर्डवरची सुई उडते. त्या रात्री भरलेल्या कॅसेटवरही असंच आहे. ओळीचा पुढचा अर्धा भाग त्या कर्कश खरखरीत बुडाला आहे. तो काय होता, हे अदिल्सनला कितीही डोकं खाजवलं तरी आठवत नाही.

"पोरगी तुझे तुकडे करणार आहे," तो तक्रार करतो.

"त्या कॅसेटवर मी अख्खी कधी होते? ठेका परक्यांचा, माइक उसना, अर्धी ओळ सुईनं गिळलेली. उरलेलं लोकच म्हणायचे."

ती हॉलचं दार ढकलते. बाहेर तिच्या आईचं अंगण आहे. आफ्रिकेतून आलेल्या देवांच्या पूजेत वाजतो तो उंच ढोल भिंतीला टेकून ठेवलेला.

"या ढोलाचा आवाज पोरांनी ठेक्याच्या मशीनमध्ये भरला, आठवतं?"

"तुझी आई किती भडकली होती! देवाचा ढोल नाचायला नेलात म्हणून."

"आणि मग सगळ्यांच्या आधी तीच नाचली. अमेरिकेचा ठेका मागे पडला तो तेव्हापासून." इव्होनेत ढोलाची धूळ पदरासारख्या त्या जुन्या ॲप्रननं पुसते. "मग पोरं तोंडानंच वाजवायला लागली. डुम्-च-चा, डुम्-च-चा." ती ओठांनी करून दाखवते.

"आणि आता हे." तो खाली बोट दाखवतो. अंगणाच्या मातीतून तायनाराचा ठेका धडधडतो आहे. "इतकं भरभर कशाला?"

"पोलीस येऊन बंद करायच्या आत नाचून घ्यायचं असतं." ती हसते. मग हसत नाही. "नीट ऐक, अदी. घाई आहे खरी, पण तळाशी ढोलावरचा माझ्या आईचाच हात आहे."

तो ऐकतो. बराच वेळ त्याला नुसता धडधडाट ऐकू येतो. मग येतो तो हात.

"वाजव," ती म्हणते.

"हात उचलवत नाही गं."

"उचलवेल."

तो ढोलापाशी बसतो, उघड्या तळव्यांनी वाजवायला लागतो. पहिले काही ठोके चुकतात. मग हातांना आपोआप आठवतं, आणि इव्होनेत डोळे मिटून गाते, या वेळी पूर्ण,

"नळाला पाणी नाही गं वस्तीत, तरी चिंब भिजून जाईन मी घरी!"

"हेच!" तो ओरडतो. "हेच होतं! थांब, परत म्हण..."

पंखा फिरतो आहे. खाटेवर ऊन आलं आहे. खालचा ठेका थांबलेला.

"नळाला पाणी नाही गं वस्तीत," तो घाईनं पुटपुटतो. पुढे काही येत नाही. परत म्हणून बघतो. शब्द गेले ते गेलेच.

तो उठतो. मग कपाट उघडतो, कॅसेट काढतो आणि जिन्याच्या तोंडाशी येतो.

"तायनारा."

ती वर येते, अजून फुरंगटलेली.

"घे. पुढचं अर्धं नाही त्यात. जिथं तुटलंय तिथं तुझ्या लोकांना म्हणू दे, त्यांना जे म्हणायचं ते."

ती कॅसेट घ्यायला हात पुढे करते आणि थबकते.

"आजोबा, हाताला काय झालं?"

अदिल्सन बघतो. दोन्ही तळवे लालभडक सुजले आहेत, आणि बोटांच्या मुळाशी पाण्यानं भरलेले ताजे फोड आले आहेत.