बरड मी मागून घेतली

थोरल्या भावाने वाटणीत बरड, म्हणजे मुरमाड माळजमीन, माझ्या गळ्यात मारली, असं सुरतेच्या डिंडोलीतली आमच्याकडची माणसं अजून म्हणतात. माझी बायकोही तेच म्हणते. ते खोटं आहे. बरड मी तोंडाने मागून घेतली. हे आजवर मी कुणालाच सांगितलेलं नाही.

प्लेगच्या भीतीने सुरत रिकामी होत होती तेव्हा आम्हीही खानदेशात गावी पळालो. गावकरी आत घ्यायला का-कू करत होते. भाऊ पुढे झाला आणि घरी घेऊन गेला. सकाळी शेतात गेलो तर बरडीवर ज्वारी डोक्याच्या वर. त्या मुरमाड जमिनीत गुडघाभरही पीक कधी पाहिलं नव्हतं. भावाने दोन उन्हाळे नाल्यातला गाळ बैलगाडीने वाहून तिथे पसरला होता, बांध घातला होता. मी "छान" म्हणालो. मनात मात्र शंका शिरली. वाटणी व्हायच्या आधी माणूस एवढा राबेल कशाला?

सुरतेला परतल्यावर खात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात, शेजारचा माग चालवणाऱ्या गाववाल्याला हे सांगितलं. खडखडाटात तो माझ्या कानाशी ओरडला, "गाळ कोण टाकतं रे दुसऱ्याच्या वाट्याला? बरड तो ठेवेल, तुला नाल्याकाठचा चिखल देईल. तू बस इथं साड्या विणत!"

पुढे गावात सरकारी एकत्रीकरण आलं. विखुरलेले तुकडे मोडून सलग गट पाडायचे होते. आमचे दोन होणार होते, एक नाल्याकाठच्या काळ्या जमिनीचा, एक बरडीचा. आमच्याकडे रीत अशी की थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा. भाऊ या कामात नावाजलेला. लोकांच्या भाऊबंदकीतसुद्धा वाटे पाडायला त्यालाच बोलावणं यायचं.

रजा नाही असं कळवून मी गेलो नाही, म्हणून तोच सुरतेला आला. येताना भुईमुगाच्या शेंगा आणल्या. मला त्या शेंगाही लाच वाटल्या.

चहा पिऊन झाल्यावर तो म्हणाला, "दोन्ही वाटा सारखाज शेतस. तुले जो जोयजे तो उचल." मग पुढे म्हणाला, "पन तू आठे राहास. नालाकाठनं कोनी बी बटाईवर करी. बरडले रोज मानूस लागस."

आता आला मुद्द्यावर, असं मला वाटलं.

"माले बरड जोयजे," मी म्हणालो.

त्याचा चेहरा उतरला. तो उतरलेला पाहून मला आनंद झाला, चोर सापडल्यासारखा. खरं तर मला बरडीचं काही करायचं नव्हतं. मला त्याचा तो चेहराच बघायचा होता.

"बरं," तो म्हणाला. "आते ती तुनी." बायकोने वाढलेलं ताट कसंबसं संपवून तो त्याच संध्याकाळी निघाला.

गट नावावर झाले. बरडीकडे बघायला मी सुरतेहून जातोय कशाला! पावसाळ्यात बांध फुटला, गाळ परत नाल्यात गेला आणि खालचा मुरूम उघडा पडला. गाववाल्याने खात्यात विचारलं, "अरे, शेवटी बरड तुझ्याकडे कशी?" मूर्ख ठरायची लाज वाटली. मी म्हणालो, "थोरल्याने दिलं ते घेतलं."

एवढंच बोललो. सुट्टीला गावी जाणाऱ्यांनी ते तिकडे पोचवलं.

पुढे एका लग्नाच्या पंगतीत कुणीतरी भावाला तोंडावर टोमणा मारला, "सख्ख्या भावाला बरड देणारा आमचे वाटे काय पाडणार?" माणसं हसली. मी त्याच पंगतीत होतो. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी वरणात भात कालवत राहिलो. त्याने मान खाली घालून पुढचा घास घेतला. त्यानंतर वाटे पाडायला त्याला कुणी बोलावलं नाही.

ज्याला उरलेला वाटा घ्यायचा असतो, तो दोन्ही वाटे सारखे करायला जीव तोडतो. नाल्याकाठचा मी उचलेन आणि बरड त्याच्याकडे उरेल, असं धरून तो दोन उन्हाळे राबला होता. ही रीत लहानपणापासून ठाऊक असून मला त्यातलं एवढं साधं कळलं नाही.

भाऊ आता थकलाय, पण आहे. त्याच्या शब्दाला गावात किंमत होती, ती मी घालवली. गावात चारचौघांसमोर, तो तिथे बसलेला असताना, बरड मी मागून घेतली हे मला सांगायचं आहे. ते देणं मी अजून फेडलेलं नाही.