टेम्पोला आडव्या आलेल्या बाई

माझ्या नातीच्या शाळेतल्या बाई प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायच्या. वाशीच्या मार्केटातल्या आम्हा हमालांची पोरं पुन्हा त्याच वर्गात का बसतात, हे त्यांनी बरोबर हेरलं होतं. ऐन वार्षिक परीक्षेत आम्ही पोरांना घेऊन गावच्या जत्रेला जायचो! त्या वर्षी टेम्पो सुटणार, तोच बाई छत्री आडवी धरून समोर उभ्या!

"आजोबा, उतरवा तिला, उतरवा!"

"बाई, मी दुसरीत तीनदा बसलो. काय अडलं माझं?"

"मग टेम्पोवर काय लिहिलंय ते वाचा. वाचा!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला एक अक्षर लागेना. मी जन्मात कुणाचं ऐकलेलं नाही. पण नातीला उचलून खाली घेतलं आणि ड्रायव्हरला ओरडलो, "जा रं तू! आमची परीक्षा हाय!"