रंगरावांचं मौन

नाटक कंपनीत प्रॉम्प्टर म्हणून वीस वर्षं काढली. त्यातून दोन गोष्टी उरल्या, खोकला आणि किस्से. खोकल्याला काढा तरी आहे. किस्से मात्र लोक मागून मागून ऐकतात आणि शेवटी एकच विचारतात, "मास्तर, हे खरं का?" सगळे किस्से एकाच माणसाचे, आमच्या रंगरावांचे. ते स्त्रीपार्ट करायचे. गायला लागले की खामगावच्या कापसाच्या जिनातले मजूर काम टाकून यायचे.

त्यांच्याबद्दल कोणी काहीही सांगावं आणि ऐकणाऱ्याने मान डोलवावी! रंगराव सोन्याचा वर्ख लावलेला विडा खातात, म्हणून गळा तसा. मी म्हणायचो, नाही हो, गूळ घातलेला काळा चहा पितात, मीच करून देतो. लोक हसायचे आणि वर्ख कुठून आणता ते विचारायचे.

*

लोकांना तरी काय बोलावं? एकदा देऊळघाटचा मुक्काम हलवून आम्ही लॉरीने मलकापूरला निघालो. मोताळ्यापर्यंत आलो, तेव्हा रंगरावांना आठवलं की ज्या कडुलिंबाखाली महिनाभर लुगडी वाळत घातली, त्याचा निरोप घ्यायचा राहिला. पडदे, पेट्या, माणसं, सगळं भर उन्हात परत देऊळघाटला. ते उतरले, झाडाला हात जोडून "येतो" म्हणाले आणि चढून बसले.

हा किस्सा खरा आहे. हा सांगितला की लोक म्हणतात, "बस, इतकंच?"

*

मलकापूरला पहिल्या रांगेत डेप्युटी कमिश्नरसाहेब बसले होते. ऐन पदात पिटात, खाली बसायच्या स्वस्त जागेत, एक तान्हं पोर रडायला लागलं. रंगराव शालूसकट खाली उतरले, पोर मांडीवर घेतलं आणि तेच पद हळूहळू अंगाईसारखं म्हटलं. पोर झोपलं. मग तोंडावर बोट ठेवून त्यांनी सगळ्या थिएटरला दटावलं. साहेबांनीसुद्धा टाळी वाजवली नाही.

आठ दिवसांत बातमी आली की आमची कंपनी पिटातल्या पोरांना अफू चाटवते. मी गावभर नाही नाही म्हणत फिरलो. आया पोरांना घरी ठेवून येऊ लागल्या.

*

साखरखेर्ड्याला एका विहिरीचं पाणी त्यांच्या गळ्याला फार मानवलं. निघताना त्यांनी तिच्या काठावर हळदकुंकू वाहिलं. आम्ही सिंदखेडला पोचेपर्यंत रंगरावांचं विहिरीशी लग्न लागलं होतं! एका दुकानदाराने आहेरही पाठवला, नारळ आणि खण. मी तो परत करायला निघालो, तर रंगरावांनी हात धरला.

"राहू द्या मास्तर. आहेर वापस नसते करा लागत. तिले वाईट वाटन."

तिथून मी थकलो. खरं सांगून सांगून माणूस एवढा दमतो, हे मला माहीत नव्हतं.

*

मग एका हिवाळ्यात त्यांचा गळा बसला. महिना झाला तरी सुटेना. डॉक्टरने तपासलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की हा आवाज आता परत येणार नाही. मी आत गेलो. रंगरावांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि ओळखलं. त्या दिवसापासून ते पाटीवर लिहून बोलू लागले. पहिलं वाक्य लिहिलं, 'चहात गूळ कमी पडला.' मी पडद्यामागे जाऊन रडलो.

बाहेर बातमी पसरली की रंगरावांनी वर्षभराचं मौन धरलंय. भेटेल त्याला मी खरं सांगत होतो. आवाज गेला, कंपनी बंद होणार, वाट पाहू नका. ऐकणारा डोळा मारून निघून जायचा.

शेवटच्या दिवशी सकाळी आम्ही पडदे गुंडाळत होतो. सोनाळ्याचा एक म्हातारा शेतकरी आला. त्याची बायको अंथरुणाला खिळली होती आणि तिला मरायच्या आधी रंगरावांचं पद पुन्हा एकदा ऐकायचं होतं. मौन कधी सुटणार, तेवढं विचारायला तो गाडी जुंपून आला होता. मी त्याला खरं ते सांगितलं.

"मास्तर, तुम्ही तं दर खेपेले नाहीच म्हनता," तो म्हणाला. "त्या विहिरीचंही नाहीच म्हनलं होतं."

रंगराव पेटीवर बसून ऐकत होते. त्यांनी पाटी घेतली, लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं आणि म्हाताऱ्यापुढे धरली. त्याला वाचता येत नव्हतं. त्याने पाटी माझ्या हातात दिली.

"वाचा जी."

वीस वर्षं मी रंगरावांना वाक्यं पुरवली होती. आता त्यांनी दिलेलं मी मोठ्याने वाचलं, 'मौन सुटलं का पयलं गानं सोनाळ्यात. मायले सांगजा.'

म्हाताऱ्याने रंगरावांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मास्तर, हे खरं का?"

"हाव," मी म्हणालो.