कोरड्या काडीचा चौक

मावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी मालाडच्या ऑफिसात होते. फोन वनिताचा. ती आमच्याच पाड्यातली, मावशीची विद्यार्थिनी. ती रडत नव्हती, चिडली होती. "अगं, आम्ही सगळ्या वर्गात बसलोय, गेरू कालवून तयार, आणि ही बाई येतच नाही म्हणून मी घरी फोन केला, तर..." पुढचं तिला बोलवेना. सकाळचा चहा पिऊन मावशी जरा आडवी झाली, ती उठलीच नाही. महिना उलटून गेला, पण तिची आठवण आली की आधी वनिताचा तो राग ऐकू येतो. बरोबरच होता तो. शिकवणं अर्धं टाकून जाणाऱ्यातली मावशी नव्हती.

लखमी मावशी माझ्या आईची थोरली बहीण. आम्ही वारली. बोरिवलीला जंगलाच्या कडेला आमचा पाडा. आता त्यातली बरीच घरं पुनर्वसनाच्या इमारतीत गेली आहेत. मी पाड्यातली पहिली ग्रॅज्युएट, हे मी सगळीकडे सांगते, इथेही सांगते. मावशी तर भाजीवाल्यालाही सांगायची. "पंधरावी झालीय आमची, तिला असली मेथी देतो?" म्हणून ताजी जुडी काढून घ्यायची.

आमच्यात लग्नघराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा चौक काढल्याशिवाय लग्न लागत नाही. मधोमध पालघट देवी, भोवती सूर्य, चंद्र, फणी, शिडी, झाडं. तो काढायचा सवाशिणींनीच. मावशीचा चौक असा, की लोक नवरीच्या आधी भिंत बघायला यायचे. मग तिचा नवरा, आमचे काका गेले आणि तिनं काडी खाली ठेवली. बांबूची, टोक चावून मऊ केलेली काडी, हाच आमचा ब्रश. पूर्ण चौक येणारी दुसरी कुणी उरली नव्हती. लग्नं काही थांबली नाहीत... आणि एका लग्नात भिंतीवर फ्लेक्स आला. छापील चौक, चारी कोपऱ्यांना सेलोटेप. मावशी त्या लग्नात जेवली नाही. "देवीला सेलोटेपनं चिकटवलीय गं," एवढंच म्हणाली.

त्याच सुमारास मुलुंडला आदिवासी कलाकारांसाठी वर्षभराचा प्रशिक्षणवर्ग निघाल्याचं मला कळलं. जुनी कला नीट हातात यावी, पुढं शिकवता यावी, त्यावर पोटही भरावं, असा तो वर्ग. मी मावशीच्या मागेच लागले. ती म्हणाली, "या वयात शाळेत घालतेस? मग दप्तर पण आण. आणि डब्याला काय देशील?" पण गेली. पहिल्याच आठवड्यात सरांनी कापड पुढं ठेवून चौक काढायला सांगितला. मावशी हात मांडीवर ठेवून बसून राहिली. सर समजुतीनं म्हणाले, "मावशी, रिवाज लग्नातला. इथं नुसतं कापड आहे." मावशी म्हणाली, "तेच तर. कापडाचं कुणाशी लग्न आहे?" सगळा वर्ग हसला, सर पण हसले. मग तिनं झाडं काढली, कोंबड्या, मुंग्यांची रांग, तारप्याचा नाच काढला... आणि मधली जागा मोकळी सोडली. सरांनी पुन्हा कधी आग्रह धरला नाही. मला त्या माणसाचा आदर वाटतो तो यासाठी.

सरांकडून तिनं भरपूर घेतलं. सिमेंटच्या भिंतीला गेरू कसा धरवायचा, पिठात डिंक किती घालायचा, आणि मुख्य म्हणजे शिकवायचं कसं. "मी नुसतं काढायची," ती मला म्हणाली, "आधी काय, मग काय, हे मलाच ठाऊक नव्हतं. हात पळायचा. सरांनी हाताला थांबायला लावलं." वर्ग संपल्यावर तिथंच तिला शिकवायला ठेवली, आणि वनिता व पाड्यातल्या लग्न झालेल्या पोरी तिच्याकडं शिकायला जाऊ लागल्या.

तेव्हाच माझं लग्न ठरलं. मी सरळ म्हटलं, "मावशी, चौक तूच काढ. विधवा-बिधवा मी मानत नाही."

"तू नको मानू," ती म्हणाली. "पण मी काढला तर तुझं एक लग्न होईल. या पोरींनी काढला तर त्यांच्या पोरींची पण होतील. मी कितीशा लग्नांना पुरणार गं?"

मी वनिताला फोन लावला.

आमच्या चौथ्या मजल्यावरच्या घराला ऑइलपेंट. वनिता आणि पोरींनी घाईघाईत त्यावरच गेरू फासला, पीठ लावलं. दुपारपर्यंत सूर्य घसरून शिडीवर आला. "वाट लागली," वनिता म्हणाली. मावशीनं पदर खोचला, पॉलिश पेपर मागवला, सगळ्यांकडून भिंत घासून घेतली आणि नव्यानं गेरू दिला. झाडं-फण्या पोरींना येत होत्या. देवीपाशी हात अडले. तेव्हा मावशी पुढं झाली, कोरडी काडी घेतली आणि नुसतीच भिंतीवरून फिरवू लागली. ती पुढं, पिठाची काडी घेऊन वनिता मागं. जिथून मावशी गेली तिथून पांढरी रेघ उमटत गेली.

पाड्यातली सगळ्यात म्हातारी बुधी आजी कोपऱ्यातून ओरडली, "लखमे, हात थांबव! आण ती काडी इकडं." आजीनं काडीचं टोक बोटांत चोळलं, जिभेला लावलं. मग मावशीकडं बघत राहिली... "कोरडी आहे," ती म्हणाली. "लबाड कुठली. चालू दे." माझं लग्न त्या चौकापुढं लागलं. त्यानंतर पाड्यात फ्लेक्स आला नाही.

पण देवी पोरींच्या हातात पुरती बसली नव्हती. दर वेळी मावशीची काडी पुढं लागायचीच. म्हणून वनिताचा तो राग. तिच्या धाकट्या बहिणीचं लग्न तोंडावर आलंय.

मागच्या आठवड्यात मी आणि वनिता मावशीची खोली आवरायला गेलो. मावसभाऊ पांढरा रंग घेऊन आला होता, खोली भाड्यानं द्यायची होती. पलंगासमोरच्या भिंतीवर मावशीनं गेरू दिलेला, बाकी काही नाही. चार वाजता दोन इमारतींच्या फटीतून तिरपं ऊन आलं आणि वनिता पुढं सरकली. गेरूत बारीक ओरखडे होते. पालघट देवी. एकीवर एक, किती वेळा काढलेली कोण जाणे, हात, डोकं, पाय, सगळं जिथल्या तिथं. मधली जागा मोकळी सोडणारी मावशी घरी एकटी बसून ती भरत होती, पिठाचा थेंब न लावता. मी खाली बसले. वनिता मात्र बोट ओरखड्यावरून हळूहळू नेत होती. "बघ, इथून सुरू करायची ती," ती म्हणाली. "मी उलटीकडून करत होते."

भावानं रंगाचा डबा परत नेला. वनिता आता रोज चारच्या आधी येऊन बसते. ऊन थोडाच वेळ टिकतं. ते सरकलं की रेघा दिसेनाशा होतात, मग ती दार ओढून घेते आणि दुसऱ्या दिवशी परत येते.