दिवसाच्या भाड्याची क्रेन

आमच्या भागात माणसाला हार क्रेननं घालतात. गावच्या विकास सोसायटीचा चेअरमन झाला की क्रेन, कुणाचा वाढदिवस असला की क्रेन. गळा सगळ्यांचा असतो तेवढाच, पण हार दुमजली. तो गळ्यात पडतच नाही. हुकाला लोंबत राहतो आणि सत्कारमूर्ती त्याच्यासमोर हात जोडून फोटोला उभी राहते. हौसेला मोल नसतं म्हणतात. असतं, भरपूर असतं. फक्त त्या वेळी कुणी विचारत नाही.

ते मोल मला दुसऱ्याच कामात कळलं. पलूसजवळच्या आमच्या गावात माझी काकी राहते. काका फौजेतून निवृत्त होऊन वारले. दोन्ही मुलांनी रस्त्याकडेला बंगले बांधले, एकाच भिंतीचे, म्हणजे भांडण ऐकू जावं पण तोंड दिसू नये. काकी मागच्या जुन्या पत्र्याच्या घरात. घराला लागून चिंचेचं थोराड झाड. पुराचं पाणी झाडाच्या बुडाशी तुंबून राहिलं तेव्हापासून चिंच एका अंगानं वाळली आणि काकीच्या पत्र्यावर कलली. बुंध्यात पोकळी एवढी, की कोंबडी आत अंडी घालायची.

सांगलीत विश्रामबागेत आमच्या शेजाऱ्यांचं झाड ज्यानं उतरवलं होतं, त्या क्रेनवाल्याला मीच गावी घेऊन गेले. त्यानं झाडाभोवती फेरी मारली, वर विजेच्या तारा बघितल्या.

"ताई, हे पाडायचं झाड न्हाई. वरनं एकेक फांदी पट्ट्यानं बांधायची, कापायची, उचलून रस्त्यावर ठेवायची. लय सावकाश काम हाय."

क्रेनचं भाडं दिवसाचं. तासात काम झालं तरी दिवसाचंच. करवतवाले वेगळे. सगळं मिळून चाळीस हजारांच्या घरात जाईल, असं त्यानं सांगितलं.

चुलतभावांच्या चेहऱ्यावर मूठमाती देऊन आल्यासारखी कळा पसरली.

थोरला फौजेतून रिटायर होऊन आलेला. "आमी तिकडं पूल बांधलं, आनि येका झाडाला चाळीस हजार? दोर लावू, ट्रॅक्टरनं वडू." पूल बांधत होते तेव्हा हा कोठीवर डाळतांदूळ मोजत होता, हे आम्हाला घरात सगळ्यांना ठाऊक आहे. क्रेनवाला म्हणाला, "वडा की. घरावरच येतंय."

धाकटा जास्त हुशार. राजकारणातला. तो म्हणाला, "आपून कशाला हात लावायचा? पडलं तर पंचनामा हुतोय. घराची भरपाई मिळतीय."

काकी तिथंच चुलीपाशी चहा गाळत होती. घर पडेल तेव्हा आत कोण असेल, हा मुद्दा कुणी काढला नाही. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे मी पाहिलेत, पण आधी मढं होण्याची वाट बघणारे घरातच निघाले. मी पैसे देते म्हटलं, तर काकी माझ्यावरच उखडली. "पोरं जित्ती असताना पुतनीच्या पैशानं झाड काडू व्हय? गावात तेंची काय लाज ऱ्हाईल?" लाज त्यांची, आणि राखायची हिनं! मी झाड तोडायची परवानगी तेवढी काढून तिच्याकडे ठेवली आणि चरफडत सांगलीला आले.

तो पावसाळा काकीनं गोठ्यात काढला. वारं सुटलं की अंथरूण काखेत मारायचं आणि शेळ्यांत जाऊन बसायचं. फोनवर मला म्हणायची, "त्यास्नी सवय झालीया माजी. सरकून जागा देत्यात." मी हसले नाही. भावांना फोन केले. दोघांचं उत्तर एकच, "बघू की."

दिवाळीनंतर धाकटा सोसायटीचा चेअरमन झाला. ओवाळायला बहीण हवी म्हणून मला आमंत्रण. गेले, तर रस्त्यात तोच क्रेनवाला. हार गावात आजवर कुणी घातला नाही एवढा करायचा म्हणून क्रेनही त्याच्याकडची सगळ्यात मोठी मागवलेली. भाड्याची घासाघीस कुणी केली नव्हती. पाच-दहा मिनिटांत हार वर गेला, फोटो झाले, गुलाल झाला, आणि सगळी वरात गाड्या भरून औंधला यमाईच्या दर्शनाला निघाली. येताना ढाब्यावर मटण ठरलेलं. देवीला नमस्कार करायचा तर ढाबा वाटेत लागतोच.

क्रेन तशीच उभी राहिली, आणि काकीपाशी मी मागे राहिले. काकी पदर खोचून बाहेर आली.

"झालं व्हय रं तुजं काम?"

"झालं की, मावशी. आता जेवतो आन् जातो."

"भाडं किती वेळचं घेतलंस?"

"दिवसाचं."

काकीनं वर उन्हाकडे बघितलं. "मग दिवस अजून चेअरमनचाच हाय न्हवं? मी चेअरमनची आई हाय."

क्रेनवाला माझ्याकडे बघून हसला आणि त्यानं पलूसच्या एका वखारवाल्याला फोन लावला. लाकूड त्यानं न्यायचं, करवतवाले त्यानंच आणायचे, असं ठरलं. परवानगीचा कागद काकीनं डब्यातून काढून दिला. वायरमन गावातलाच, चेअरमनच्या घरचं काम म्हटल्यावर त्यानं लाइन बंद केली. उभ्या जन्मात त्या पदाचा तेवढा एक उपयोग झाला.

पत्र्यावरची सगळ्यात जड फांदी आधी बांधली. करवत थांबली, फांदी क्षणभर जागच्या जागी थरथरली आणि मग हळूहळू वर उचलली गेली. काकीच्या घरावरून ती रस्त्यावर गेली तेव्हा एकही पान पत्र्यावर पडलं नाही. तोवर काकी करवतवाल्यांना हुकूम सोडत होती. मग एकदम रडायला लागली. लग्न होऊन आल्यापासून तिच्या आमटीला तीच चिंच. मलाही भरून आलं. झाडाचं वाईट वाटलंच, पण चांगल्या झाडाला या घरानं वैरी करून ठेवलं होतं, त्याचा संताप जास्त आला.

दिवेलागणीला भाऊ परतले. मागे मोकळं आभाळ आणि अंगणात नुसतं हातभर उरलेलं खोड. थोरला तरातरा आत आला.

"लाकूड कुठाय?"

"कुनाला इचारून दिलं?" धाकटा मागून ओरडला. "पोकळी सोडून बी चिंचंचा बुंधा हाय त्यो! मटन तोडायच्या ठोकळ्याला खाटीक लोकं काय भाव देत्यात, ठावं हाय का?"

कित्येक वर्षांनी दोघे भाऊ एका बाजूनं बोलत होते.

काकी उंबऱ्यावर बसली होती. ती ओरडली नाही. "लाकूड वखारीत गेलं," ती म्हणाली. "मी हितं हाय. पावसाळाभर शेळ्यांत बसले, तवा आई कुठाय म्हनून आला न्हाईसा दोघंबी."

थोरला खाली बघत उभा राहिला. धाकटा खोडाजवळ उकिडवा बसून वीत लावून घेर मोजत होता.