पाठीतलं पाणी

धुळ्याच्या एका दवाखान्यात मी प्रयोगशाळेत होते, तेव्हा लहान मुलांच्या मेंदूज्वराची मोजणी चालली होती. ताप, आकडी, ताठ मान असलेलं मूल आलं की डॉक्टर त्याच्या पाठीतलं पाणी काढून नळी माझ्याकडे पाठवायचे. त्यात जंतू वाढले, तरच ते मूल मोजणीत धरायचं.

मी जळगावची. आमच्याकडे मे महिन्यात सकाळचं वरण दुपारीच आंबतं. काही नासू द्यायचं नाही हे माझ्या अंगात मुरलेलं, आणि त्याचा मला तोराही होता. दुपारनंतर आलेली नळी मी फ्रीजमध्ये ठेवायची, सकाळी तपासायला घ्यायची. पाणी गढूळ दिसायचं, पण जंतू काही वाढायचे नाहीत. आपल्या भागात हा आजार फारसा नाही, असं साहेब लोक म्हणू लागले. मलाही बरं वाटायचं.

चोपड्याकडची एक आई मूल गेल्यावर पंधरा दिवसांनी आली. "अक्का, त्याले काय व्हतं ते कागदवर लिखी द्या. सासू म्हनस, मी त्याले भर दुपारना वावरमा लई गऊ, म्हनीसन तो गया."

मी रजिस्टर पाहिलं आणि लिहून दिलं: जंतू आढळले नाहीत. खाली सही, शिक्का. तिला वाचता येत नव्हतं. तिनं कागद डोक्याला लावला आणि पदरात बांधला.

पावसाळ्यात बाहेरगावच्या एक डॉक्टरीण आल्या. फ्रीज उघडून म्हणाल्या, "या नळ्या इथे कोणी ठेवल्या?"

"मी," मी ऐटीत म्हटलं.

"अहो, हे जंतू अंगाच्या उबेवर जगतात. गारठ्यात मरतात."

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या आईला दुसरा कागद देता येईल का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "काय लिहिणार? जंतू होते, हे तरी आता कशावरून सांगायचं?"

तरीही एका रविवारी मी एसटीनं त्या गावी गेले. सून माहेरी धाडली होती. सासूनं मला चहा दिला. मी सगळं सांगितलं: आजारच होता, सुनेचा दोष नाही, चूक माझी. तिनं नीट ऐकून घेतलं. मग आत जाऊन कागद आणला आणि माझ्यापुढे धरला.

"हाऊ तुमनाच कागद शे ना, अक्का? मास्तरनी बठ्ठा गावले वाची दखाडा. यामा त लिखेल शे, काहीच नव्हतं."